केरूच्या टाळ्या

काळुराम अमेरिकन फुटबॉल खेळायला गेला होता, यावर वडखळच्या नाक्यावर नवख्या माणसाचा अजून विश्वास बसत नाही. बसेल कसा? मिठागरात मीठ ओढणाऱ्या केरूचा तो पोरगा. पण रोह्याच्या कबड्डी स्पर्धेत मुंबईचा कुणी साहेब आला, काळुरामचे खांदे बघून खूश झाला आणि त्याला पुण्याला घेऊन गेला. परदेशी खेळाची लीग निघणार होती आणि त्यांना रेड्यासारखे गडी हवे होते.

खेळ तरी कसला मेला! नाव फुटबॉल आणि चेंडू हातात धरून पळायचं. तोंडावर लोखंडी जाळी. समोरच्यांच्या शेवटच्या रेषेपलीकडे चेंडू नेला की गुण. काळुरामकडे काम एकच, समोरच्याला रेटायचं. चेंडूशी त्याचा संबंध नव्हता, आणि तो तसाच राहिला असता तर बरं झालं असतं.

लीगमध्ये निवड झाली की केरूनं मिठागर सोडायचं, असं बापलेकात ठरलं होतं. मिठानं केरूच्या टाचा फुटून पार कामातून गेल्या होत्या. एके काळी तोही कबड्डीतला नावाजलेला गडी. सुकलेल्या मिठागरात त्यानंच पोराला तयार केलं होतं. चढाईत गडी शिवला की मागं फिरायचं, मधली रेषा गाठायची, देव आडवा आला तरी थांबायचं नाही. चुकला की पाठीत धपाटा.

निवडीच्या सामन्याला केरू एसटीनं पुण्याला गेला. शेवटचा डाव उरला होता आणि काळुरामची टीम एका गुणानं पुढं होती. त्यानं समोरच्या चेंडूवाल्याला अशी धडक दिली की चेंडू सुटून याच्या पायाशी आला. तो उचलून जागच्या जागी आडवा पडला असता तरी सामना खिशात होता. पण गडी शिवला होता ना! काळुराम गर्रकन वळला आणि आपल्याच टोकाकडं सुटला. अडवायला आलेल्या आपल्याच गड्यांना हिसडा देऊन त्यानं आपल्याच शेवटच्या रेषेपलीकडं हात लांबवून झेप घेतली. या खेळात अशानं दोन गुण समोरच्यांना मिळतात. सामना गेला. अख्खं मैदान पोट धरून हसलं.

एकटा केरू उभा राहून टाळ्या वाजवत होता.

बापाला यातलं काही कळलेलं नाही, असं काळुरामनं मनाशी धरलं. निवड हुकली, तेव्हा लीगच बारगळली म्हणून त्यानं बापाला थाप मारली. गावानं मोबाइलवर सगळं बघितलं होतं. काळुरामनं एकेकापुढं हात जोडले, म्हाताऱ्याला सांगू नका. एरवी कुणाला न सोडणारा तो नाका, पण गप्प बसला. केरू पुन्हा मिठागरात जायला लागला आणि भेटेल त्याला पोराची चढाई रंगवून सांगायला लागला. ते ऐकताना काळुरामला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

पुढं केरूनं अंथरूण धरलं. रोह्याच्या दवाखान्यात काळुराम त्याच्या टाचांना तेल चोळत बसला होता.

"काळू, पुन्यात गुन त्यास्नी गेलं, व्हय ना?"

काळुरामचा हात थांबला. "बा, तुला कोनी सांगितलं?"

"सांगाया कशाला पायजे? फळ्यावर दिसत व्हतं. मागं फिराया मीच शिकवलं तुला. समदी हसत व्हती रं. मंग मी टाळ्या वाजवल्या."

त्या टाचांवर डोकं टेकून काळुराम ढसाढसा रडला.

"चढाई मातर झ्याक व्हती," केरू म्हणाला.

त्याच आठवड्यात तो गेला. ती चढाई आता नाक्यावर कुणी सांगत नाही. कुणीतरी सांगावी, असं काळुरामला फार वाटतं.