सशाला आखूड पडलेला पिंजरा

मास्तरांनी उभ्या आयुष्यात कुणाचं माप घेतलं नव्हतं. शिंपीकामात चाळीस वर्षं गेली, गळ्यात टेप असायची, पण ती गळ्यातून खाली कधी उतरली नाही. गिऱ्हाईक दुकानाची पायरी चढून आत येईपर्यंत मास्तरांनी त्याला मानेपासून घोट्यापर्यंत पाहून घेतलेलं असे. मग ते एक डोळा बारीक करत आणि म्हणत, "झालं." गिऱ्हाईक खुळ्यासारखं बघत राही. कुणी चाचरत विचारलंच, की टेप नाही का लावणार, तर मास्तरांना ते फार लागे. "ज्याला नजर नाही त्यानं टेप लावावी," असं ते म्हणत आणि पुढचा अर्धा तास त्या गिऱ्हाइकाशी बोलत नसत.

अशा माणसाला बायकोनं पिंजरा आणायला धाडलं. हातात कागदावर लांबी-रुंदी लिहून द्यायची तिची फार इच्छा होती. पण चाळीस वर्षांचा संसार टिकवायचा तर काही इच्छा मारायला लागतात.

पिंजरा हवा होता सशासाठी. शाळेसाठी आजी-आजोबांकडे राहणाऱ्या नातीनं तो घरी आणला होता. तिच्या मैत्रिणीचं कुटुंब दुसरीकडे राहायला निघालं, सामानात ससा बसेना, म्हणून तो हिच्या गळ्यात पडला. ससा कसला, पोसलेलं लोढणं होतं ते. दुकानदारानं विचारलं, "ससा केवढा आहे?" मास्तरांनी दोन हात हवेत धरून दाखवले. दुकानदार म्हणाला, "मग हा नको, हा पांढऱ्या उंदरांचा आहे. तो पलीकडचा घ्या." मास्तरांनी डोळा बारीक केला आणि म्हणाले, "माप मला शिकवू नका. हाच बांधा."

घरी आल्यावर ससा आत गेला, नाही असं नाही. पण कान बाहेर राहिले. कान आत घेतले की मागचा भाग दाराबाहेर येई. वळायचं म्हटलं तर त्या गरीब जिवाला आधी बाहेर यावं लागे, अंगणभर फिरून मग उलटं आत शिरावं लागे. नात रडायला लागली. मास्तर शांतपणे म्हणाले, "ससा फुगलाय. चार दिवस कोबी कमी करा, बसेल."

"सशाला बेतून पिंजरा आणतात," बायको म्हणाली, "पिंजऱ्याला बेतून ससा आणत नाहीत."

तिनं पलंगाखालची जागा फळ्या लावून अडवली, खाली जुनी पोती अंथरली आणि सशाची सोय केली. ससा तिथं इतका खूश झाला, की त्यानं पहिल्याच दिवशी पोत्याचा कोपरा कुरतडून आपली पसंती कळवली. आता पिंजरा दुकानात परत द्यायचा, की विषय संपला. पण परत द्यायचा म्हणजे त्या दुकानदारासमोर उभं राहून चुकलो म्हणायचं. ते मास्तरांना परवडणारं नव्हतं. ते थोडा वेळ पिंजऱ्याकडे बघत बसले आणि मग त्यांनी जाहीर केलं, "मी तो सशासाठी आणलाच नव्हता."

मग कशासाठी आणला होता? याचं उत्तर शोधण्यात त्या घराचे पुढचे तीन आठवडे गेले.

आधी तो कांदे-बटाट्यांसाठी होता. हवा खेळती राहते, मास्तर म्हणाले, माल सडत नाही. "चार किलो सहज मावतील." अडीच किलो मावले. उरलेले मास्तरांनी दाबून बसवले, आणि जेवायच्या वेळी पिंजऱ्याचं दार आपोआप उघडून बटाटे घरभर पांगले. बायकोनं दोन दिवस ते पलंगाखालून, कपाटाखालून वेचून काढले. एक सशानं पिल्लासारखा जवळ घेतला होता, तो तिनं राहू दिला.

नंतर तो दुधाच्या पिशव्यांसाठी झाला. सकाळी दाराबाहेर ठेवलेल्या पिशव्या मांजर फोडत असे, हे खरंच होतं, तेव्हा ही कल्पना वाईट नव्हती. फक्त मास्तरांच्या नजरेला त्यात चार पिशव्या दिसत होत्या आणि पिंजऱ्याला तीनच. चौथी पिशवी रोज पिंजऱ्याच्या वर राहायची. मांजराला आता वाकायचे कष्टही उरले नाहीत.

इंटरनेटच्या डब्याला धूळ लागते म्हणून पिंजरा त्याच्यावरही चढला. डबा मावला, पण त्याच्या शेंड्या मावेनात, म्हणून मास्तरांनी त्या आडव्या दुमडल्या. दोन दिवस नातीच्या अभ्यासाचे व्हिडिओ अडकत राहिले, व्हिडिओतल्या शिक्षिका एक शब्द बोलायच्या आणि पुढचा चौथ्या मिनिटाला यायचा. मास्तरांनी कंपनीला फोन करून त्यांची खरडपट्टी काढली. कंपनीचा माणूस आला, त्यानं मुकाट्यानं पिंजरा उचलला, शेंड्या सरळ केल्या आणि मास्तरांकडे एकदा असं बघून गेला, की बायकोला तिथून उठून आत जाऊन हसावं लागलं.

कुंडीचं तर बोलायलाच नको. ती दारातून आतच जाईना. मास्तरांनी पंधरा मिनिटं कुंडी आडवी करून, तिरकी करून पाहिली. शेवटी कुंभार नालायक निघाला.

हसण्यासारखं होतं, आणि बायको हसतही होती, पण तिचं हसू पुरतं नव्हतं. चहात साखर घालताना मास्तरांची साखर अलीकडे कपाच्या बाहेर पडत होती. पायरी नसलेल्या ठिकाणी त्यांचा पाय उंच उचलला जायचा. हे तिला दोन वर्षांपासून ठाऊक होतं. चष्म्याचा विषय तिनं एकदा काढला होता, त्यानंतर आठवडाभर घरात कुणी मोठ्यानं श्वाससुद्धा घेतला नव्हता. "हे उचला आता आणि तुमच्या दुकानात न्या," ती एके दिवशी पिंजरा हातात देऊन म्हणाली. "तिथं काय करायचं ते करा."

दुकानात काजताई होत्या. काजं करायच्या, बटणं लावायच्या, टिपा घालायच्या, म्हणून काजताई. वय पंचेचाळीसच्या आसपास, बोलणं बेताचं. बारा वर्षं त्या मास्तरांच्या समोरच्या मशीनवर बसत होत्या, आणि बाहेरच्या जगाच्या मते त्यांच्यात सांगण्यासारखं काही नव्हतं. सकाळी एक तास लवकर येऊन दुकान उघडतात, एवढंच लोक कौतुकानं म्हणत.

पिंजरा घेऊन मास्तर दुकानात आले त्या आठवड्यात दुकानात एक कापड आलेलं होतं. दातांच्या एक डॉक्टरीणबाई ते घेऊन आल्या होत्या. राखाडी रंगाचं लोकरी कापड, जेमतेम एका कोटाचं. त्यांच्या वडिलांनी स्वतःसाठी घेतलेलं आणि शिवायच्या आधीच ते गेले. तीस वर्षं ते पेटीत पडून होतं. आता त्यांना त्याचा स्वतःसाठी कोट हवा होता. चुकलं तर दुसरं मिळणार नाही, असं बाईंनी दोनदा सांगितलं. मास्तरांनी डोळा बारीक केला आणि म्हणाले, "झालं." बाई भारावल्या. मग मास्तरांनाही राहवेना. ते म्हणाले, "शुक्रवारी या. तुमच्यासमोर खडू मारतो आणि तुमच्यासमोर कापतो."

हे ऐकून काजताईंच्या बोटात सुई गेली.

कारण मास्तरांची एक रीत होती. ते दुपारी कापडावर खडूनं खुणा करत आणि कापत दुसऱ्या दिवशी सकाळी. मधल्या वेळात कापड मुरतं, असं त्यांचं म्हणणं. कापड मुरत होतं की नाही ते देव जाणे, पण सकाळच्या त्या एका तासात काजताई ओल्या फडक्यानं मास्तरांच्या खुणा पुसत आणि खऱ्या मापानं नव्या मारत. माप त्या आदल्या दिवशीच घेऊन ठेवत. "बटणांचं माप घेते हं," म्हणून गिऱ्हाइकाला पडद्याआड नेत आणि छातीपासून घोट्यापर्यंत सगळं मोजून टाकत. बटणांसाठी घोटा कशाला लागतो, हे दोन वर्षांत एकाही शहाण्याला विचारावंसं वाटलं नाही. कपडे अंगाला चापून बसत होते, आणि मास्तरांच्या नजरेचा डंका आधीपेक्षा जोरात वाजत होता.

शुक्रवारी मात्र मधे सकाळ नव्हती. खडू आणि कात्री एका बैठकीत, त्याही बाईंच्या डोळ्यांदेखत. काजताईंना दोन दिवस जेवण गोड लागलं नाही.

बुधवारी दुपारी मास्तरांनी पिंजरा कापायच्या टेबलावर ठेवला. "हा कशासाठी आणला माहितेय? पुठ्ठ्यांसाठी. कॉलरीच्या, बाह्यांच्या मापाचे सगळे पुठ्ठे यात उभे राहतील."

"मावतील का मास्तर?"

"डोळे झाकून मावतील."

काजताईंनी पुठ्ठे दिले. पहिला पुठ्ठा वीतभर वर राहिला. दुसरा आडवा घातला तर दुमडला. मास्तर म्हणाले, "पुठ्ठे वाढीव कुणी कापले?"

"तुम्हीच कापलेत. मी आले तेव्हापासून हेच आहेत."

मास्तर तोच पुठ्ठा उलटा करून घालू लागले. काजताई उठल्या, दुकानाचं दार लोटून घेतलं आणि परत येऊन उभ्या राहिल्या. "मास्तर, डॉक्टरीणबाईंचा खांदा केवढा, ते टेबलावर काढून दाखवा."

"कशाला?"

"काढा ना."

मास्तरांनी झोकात एक रेघ ओढली. काजताईंनी स्वतःच्या खिशातली टेप काढून तिच्यावर ठेवली. "साडेतेरा. बाईंचा पंधरा आहे."

"तुला काय माहीत?"

"मोजलाय मी. परवा, पडद्याआड." आणि मग बारा वर्षं बेतानं बोलणाऱ्या त्या बाईच्या तोंडून सगळं बाहेर आलं. फडकं, खुणा, बटणांचं माप, सगळं. "रागवा, कामावरून काढा, चालेल मला. पण त्यांच्या वडिलांचं कापड आहे हो ते. ते मला नंतर उसवून नीट नाही करता येणार."

मास्तर खुर्चीवर बसले. बसताना त्यांनी हातानं खुर्ची चाचपून घेतली, आणि आपण असं बरेच दिवस करतोय हे त्यांचं त्यांनाच तेव्हा कळलं. मग त्यांनी विचारलं, "किती दिवस?"

"दोन वर्षं."

"घरी माहितेय?"

"काकूच आल्या होत्या पहिल्यांदा. साखर बाहेर पडते म्हणाल्या."

मास्तरांना लाज वाटली, अशी की उठून कुठंतरी निघून जावं. राग आला तो बायकोचा, काजताईंचा, त्या उंदरांच्या पिंजऱ्याचा. दोन वर्षं लोकांनी केलेली वाहवा त्यांनी मान हलवून घेतली होती आणि ती दुसऱ्याच्या ताटातली होती. पण राग धरून ठेवायलाही काही हातात असावं लागतं. समोर ही बाई उभी होती, तिनं दोन वर्षं त्यांची अब्रू ओल्या फडक्यानं पुसून स्वच्छ ठेवली होती आणि आता घामाघूम होऊन विचारत होती, "चहा सांगू का?"

"सांग," मास्तर म्हणाले. "आणि डॉक्टरीणबाईंना फोन लाव. म्हणावं, शुक्रवारी येऊ नका. कापताना प्रेक्षक असले की कापड बिथरतं."

गुरुवारी कोट काजताईंनी बेतला आणि काजताईंनीच कापला. कापड सरकू नये म्हणून मास्तर दुसरं टोक धरून उभे होते. काप संपेपर्यंत ते मधे एकदाही बोलले नाहीत. हा त्यांच्या आयुष्यातला विक्रम होता.

पिंजऱ्याचंही त्याच दिवशी मार्गी लागलं. काजताईंनी तो मोजला, इस्त्री मोजली आणि तळाचा प्लॅस्टिकचा ट्रे काढून नुसती जाळी टेबलाच्या टोकाला फरशीच्या तुकड्यावर बसवली. गरम इस्त्री आत, वायर दारातून बाहेर. आता घाईत कुणाचा हात पोळत नाही. ट्रेमध्ये रिळं राहिली. मास्तर म्हणाले, "मी हेच सांगणार होतो." सवय एका दिवसात जात नाही.

कोट तयार झाला तसा डॉक्टरीणबाई घ्यायला आल्या. आरशासमोर कोट घालून त्या उभ्या राहिल्या. मग डोळे टिपत म्हणाल्या, "कुठंही घडी नाही हो. खांदा तर असा बसलाय, जसा माझ्या अंगावरच बेतलाय. मास्तर, टेपसुद्धा न लावता! काय नजर आहे तुमची!"

काजताई मान खाली घालून बटण लावत होत्या. ज्या शर्टाला त्या बटण लावत होत्या, त्याला सगळी बटणं आधीच लागलेली होती.

मास्तरांनी घसा खाकरला. "नजर माझी नाही. माप हिनं घेतलं. कापलाही हिनंच."

"कोणी? ह्या काजवाल्या बाईंनी?"

"हो."

बाई पुन्हा आरशाकडे वळल्या. एक हात वर केला, खाली केला. खांदा जरा पुढं-मागं करून पाहिला. त्यांच्या कपाळावर आठी आली.

"तरीच," त्या म्हणाल्या. "इथं खांद्यात थोडं ओढल्यासारखं होतंय."

"खांद्यात काही ओढत नाही, बाई," मास्तर म्हणाले. "कोपऱ्यावर डोळ्यांचे डॉक्टर बसतात. मी कालच जाऊन आलो, तुम्हीही जाऊन या."