बेटावरचे कावळे

बडोद्यातल्या प्रतापनगरच्या रेल्वे कॉलनीतले आमचे शेजारी वसंतराव निवृत्त झाले आणि पक्ष्यांच्या नादी लागले. पादरा गावाकडच्या एका तलावात छोटंसं बेट आहे. तिथे माणसाची वस्ती नाही. उन्हाळ्यात नदीसुरय पक्षी उघड्या वाळूवर अंडी घालतात, म्हणून वनखात्याने ते राखीव केलंय. कावळे ती अंडी पळवतात. त्यांना हाकलायला वसंतराव परवानगी काढून दर रविवारी होडीने बेटावर जात. गलोलीने मातीच्या गोळ्या मारत, त्याही मुद्दाम नेम चुकवून. रिकामपणचे उद्योग, असं मी तोंडावर म्हणायचो. ते नुसते हसायचे.

यंदा चैत्रात वसंतरावांच्या पत्नी, अहल्यावहिनी गेल्या. दहाव्याला शहरात कावळा मिळत नाही, ही आम्हा बडोदेकरांची नेहमीची रड. वसंतराव म्हणाले, "तलावावर करू. तिथं कावळेच कावळे." हे त्यांनीच सुचवावं आणि आम्हा कुणाच्याही डोक्यात प्रकाश पडू नये!

काठावरच्या महादेवापाशी पिंड ठेवले. समोरची बाभळ कावळ्यांनी भरली, पण एकही खाली उतरेना. ऊन चढलं. नातेवाईक वहिनींची राहिलेली इच्छा शोधू लागले. मुलगी मोहना म्हणाली, "मम्मी, पप्पांना मी सांभाळीन." काही नाही. मग वसंतरावांनीच हात जोडले, "अहल्या, बेट सोडलं. पुन्हा जाणार नाही." तरी कावळे जागचे हलले नाहीत. गुरुजी दर्भाचा कावळा करायला बसले, तसे वसंतराव अडून बसले. "खऱ्यानेच शिवायला हवा, गुरुजी."

मोहनाच्या लक्षात आलं. ती हळूच म्हणाली, "पप्पा, ते तुम्हाला ओळखतात. तुम्ही जरा लांब जा ने."

ते उठले. चप्पल न घालताच रस्त्याकडे चालू लागले. मी मागोमाग गेलो. आम्ही वळणाआड गेलो न गेलो, तोच मागून मोहनाची हाक आली, "शिवला!"

मी म्हटलं, "सुटलात, वसंतराव. वहिनींचं मागे काही राहिलं नव्हतं. कावळे तुम्हाला भ्यायले होते, एवढंच."

"ते मला कळतं हो," ते म्हणाले. "पण दर रविवारी ती माझ्यासाठी जेवायची थांबायची. आज तिचा शेवटचा घासही माझ्यामुळेच अडला."

त्यांना समजवायला म्हणून मी तोंड उघडलं आणि मलाच रडू फुटलं.