खुर्चीवरून पाहिलेल्या कुरडया

मी निवृत्त झाले तेव्हा शाळेने मला शाल, नारळ आणि भिंतीवरचं घड्याळ दिलं. जिला आता कुठेच वेळेवर जायचं नाही तिला घड्याळ द्यावं, ही कल्पना कोणाच्या डोक्यातून निघाली असेल, असा विचार मी घरी येताना करत होते. ती माझ्याच डोक्यातून निघाली होती. निवृत्त होणाऱ्यांना काय द्यायचं ते मुख्याध्यापिका म्हणून मीच ठरवत आले होते, आणि माझ्या आधीच्या चौघींना मी घड्याळंच दिली होती.

मोठा दुष्काळ पडला त्याच्या आदल्या वर्षीची ही गोष्ट. वय अठ्ठावन्न, लग्न केलेलं नाही. "बाईंनी शाळेशीच संसार केला," असं कोल्हारात लोक म्हणायचे आणि मला ते ऐकायला बरं वाटायचं. या संसारात अठ्ठावन्नाव्या वर्षी शाल पांघरून घराबाहेर काढतात, एवढं मात्र कोणी सांगितलं नव्हतं.

पहिले काही आठवडे मी घरातच शाळा भरवली. साडेदहाची घंटा माझ्या ओट्यावर ऐकू यायची, आणि ती झाली की मी इस्त्रीचं पातळ नेसून, चष्मा लावून तयार. कशासाठी, ते मात्र ठरलेलं नसायचं. फडताळातले डबे मी अकारविल्ह्याने लावले आणि मग हळद शोधायला रोज अख्खं फडताळ धुंडाळू लागले. दूधवाल्याला मापात चूक झाली म्हणून उभ्या उभ्या पावकीचा पाढा विचारला. दुसऱ्या दिवसापासून तो दूध उंबऱ्यावर ठेवून, कडीही न वाजवता जाऊ लागला. दिवसातून माझ्याशी बोलणारा तो एकच माणूस होता, आणि त्यालाही मी पळवून लावलं.

मला एकटं वाटत होतं. पण हे स्वतःशी कबूल करायला मला चैत्र उजाडावा लागला.

चैत्रात आमच्या आळीत वाळवणं सुरू झाली. कुरडया एकटीने होत नाहीत. गहू तीन दिवस भिजवायचे, वाटायचे, पिळून त्यांचा पांढरा चीक काढायचा. पातेल्यात तो तळाशी बसला की वरचं आंबूस पाणी फेकायचं, आणि खालचा चीक शिजवून गरम असतानाच सोऱ्यातून बाजेवर कुरडया पाडायच्या. सोऱ्या दाबायलाच दोन धडधाकट बाया लागतात. म्हणून आज हिच्या घरी, उद्या तिच्या घरी, अशी पाळी लावून सगळ्या जणी सगळीकडे जातात. हे आता मला तोंडपाठ आहे. तेव्हा माझं ज्ञान इतकंच होतं की उन्हाळ्याच्या शेवटी मुलींच्या आया मला ताट भरून कुरडया आणून देतात आणि त्या तेलात टाकल्या की फुलतात.

एका पहाटे शेजारच्या अंगणातून हसणं ऐकू आलं. चांगलं दहा-बारा जणींचं, पोट धरून हसणं. मी केस नीट केले आणि गेले.

मी दारात दिसले मात्र, सगळ्या उभ्या राहिल्या. ओल्या हातांनी, चिकाने माखलेल्या कोपरांनी, ओळीत. अर्ध्याअधिक माझ्याच विद्यार्थिनी. एकीने मशेरीचं बोट पदराआड लपवलं. हसणं तर असं थांबलं की चुलीवरचं रटरटणं ऐकू येऊ लागलं. शेजारीण, तीही माझ्याच हाताखालून गेलेली आणि आता तीन लेकरांची आई, घरातली एकुलती एक खुर्ची घेऊन आली. ती तिने अंगणाच्या कडेला, सावलीत मांडली.

"बसा बाई," ती म्हणाली. "तुमी कशाला तरास घेता."

मी बसले. तिथून मला बायकांचे वरून दिसणारे भांग आणि बाजेवर पडणाऱ्या कुरडया तेवढ्या दिसत होत्या. चूल आणि पातेली आडोशाला होती. तासभर कोणी हसलं नाही. माझ्या येण्याने त्यांना संकोच झाला हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. मी मात्र असा निष्कर्ष काढला की या बायकांच्या कामात शिस्त नाही.

दुसऱ्या दिवशी मी वेळापत्रक घेऊन गेले. हो, वेळापत्रक. दोन रंगांच्या शाईत, पट्टीने आखलेलं. पहिला गट चूल, दुसरा गट सोऱ्या, तिसरा गट बाजा, आणि मध्ये दहा मिनिटं सुट्टी. शेजारणीच्या भिंतीवर ते मी तिनेच आणून दिलेल्या शिजलेल्या चिकाने चिकटवलं. बायकांनी ते निमूटपणे वाचलं आणि निमूटपणे गट पाडले. कुरडया सरळ रांगेत पडल्या. पाहून मला इतकं समाधान झालं की मी घरी येऊन दोन वेळा चहा केला.

तिसऱ्या दिवशी मला कोणी बोलावलं नाही. चौथ्या दिवशीही नाही. पाचव्या पहाटे हसणं आळीच्या पार दुसऱ्या टोकाकडून, नदीच्या बाजूने आलं. शेजारणीच्या अंगणात बाजा उभ्या करून ठेवल्या होत्या आणि वेळापत्रकाची एक बाजू सुटून वाऱ्यावर फडफडत होती. मी ओट्यावर उभी राहून ते हसणं ऐकलं. चौतीस वर्षांत माझ्या वर्गातून मी कितीक मुलींना बाहेर काढलं, पण मला बाहेर काढण्याची ही पहिलीच वेळ होती. फार लागलं मला ते. त्या दिवशी मी इस्त्रीचं पातळ नेसले नाही.

मग आठवड्याने शेजारीण स्वतःहून दारात आली. तिच्या भावाच्या लेकीचं बेलापूरला बारसं होतं, आणि घरची सगळीच जाणार होती. तिच्या वाट्याच्या दुसऱ्या घाण्याचा चीक तिने सकाळीच काढला होता, आणि भलंमोठं पितळी पातेलं माझ्या स्वयंपाकघरात आणून ठेवलं.

"सांजच्याला पानी वर येईल, बाई. ते अल्लाद वेगळं काढा, म्हंजी झालं. आमी सकाळच्या पयल्या गाडीनं येतो आन् आल्या आल्या चूल पेटवतो. आळीतल्या सगळ्या येनार हायेत. तुमी बी या."

तुमी बी या. हे तीन शब्द मी दिवसभर घोळवत बसले. एवढ्या पातेल्यावर माझी आळीत जागा ठरणार होती, आणि काम तरी काय, तर पाणी वेगळं काढणं. ते तर माझ्या हातचा मळ. पाण्याच्या शुद्धीकरणाचा धडा मी चौतीस वेळा शिकवला होता. गढूळ पाणी स्थिर ठेवावे. त्यात तुरटी फिरवावी. गाळ तळाशी बसतो. वरचे स्वच्छ पाणी दुसऱ्या भांड्यात काढून घ्यावे व गाळ फेकून द्यावा.

संध्याकाळी झाकण काढलं. वर पिवळसर पाणी होतं, खाली खडूच्या राड्यासारखा पांढरा थर, आणि वास असा आंबट की मला शेजारणीची कीव आली. बिचारीच्या चिकाची अगदी वेळेवर काळजी घेणारं कोणीतरी भेटलं, असं मनात म्हणत मी वरचं पाणी अलगद स्वच्छ भांड्यात काढलं. एक थेंब सांडला नाही. ते चौपदरी फडक्यातून दोनदा गाळलं. त्यात तुरटीही फिरवली. तळाचा गाळ उलथन्याने खरवडून मागे पपईच्या बुंध्याशी ओतला, पातेलं राखेने लख्ख घासलं आणि ते नितळ पाणी त्यात परत भरून झाकून ठेवलं. मग हात धुतले. इतकं चोख काम मी शाळेच्या तपासणीच्या दिवशीही केलं नव्हतं.

सकाळी बायका जमल्या. शेजारीण तिच्या सासूबाईंना घेऊन बेलापूरहून आली आणि पातेलं उचलायला माझ्या स्वयंपाकघरात शिरली, बाकीच्याही मागोमाग आल्या. सासूबाईंनी झाकण काढलं. पाण्यात त्यांचा स्वतःचा चेहरा दिसला असावा, कारण त्या बराच वेळ वाकूनच राहिल्या.

"मास्तरीनबाई," शेवटी त्या म्हणाल्या, "चीक कुठं हाय?"

तेवढ्यात मागच्या दारातून पपई दिसली. बुंधा चुना लावल्यासारखा पांढरा झाला होता आणि आळीतल्या सगळ्या कोंबड्या तिथे मेजवानी झोडत होत्या. मला कळलं. "मांजराने सांडलं," असं म्हणावं हे पहिल्यांदा मनात आलं. पण मांजराची कारणं मी जन्मभर ऐकली होती, आणि ती सांगणाऱ्या मुलींचे कान कसे लाल होतात हेही पाहिलं होतं. माझे कान तर आधीच तापले होते.

"मी फेकला," मी म्हणाले. आणि वर, चूक कळल्यावरही शिकवण्याची खोड जाईना म्हणून, सगळा धडा सांगितला. गाळ, तुरटी, चौपदरी फडकं, सगळं.

मग शेजारीण पदर तोंडावर धरून म्हणाली, "त्या धड्याला तुमी मला वर्गाभायेर हुभं केल्तं, बाई. म्हनून तर मला ठावं हाय, पानी फेकायचं आस्तंय."

सासूबाई आधी हसल्या, दात नसलेल्या तोंडाने. मग सगळ्याच हसल्या, भिंतीला धरून, एकमेकींच्या खांद्यावर कोसळून. तेच हसणं, जे मी ओट्यावरून ऐकत होते. आता ते माझ्याच स्वयंपाकघरात चाललं होतं आणि माझ्यावर चाललं होतं. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. ते कशाचं होतं याची मी फोड करत बसले नाही.

गहू मी माझे दिले. तीन दिवस भिजवले, रोज पाणी बदललं आणि सासूबाईंच्या शेजारी खाली फरशीवर बसून पिळले. त्या मला दर पाच मिनिटांनी ओरडत होत्या. माझ्या मनगटात जोर नाही, बोटांत नाही, कशातच नाही, असं त्यांचं मत पडलं. चीक बसला, पाणी त्यांनी स्वतः फेकलं. मला पातेल्याला हात लावू दिला नाही.

कुरडयांच्या पहाटे मला उशीर झाला. भिंतीवर घड्याळ असून झाला, कारण दंड इतके भरून आले होते की उठवेना. धावत शेजारच्या अंगणात गेले तर चूल पेटलेली, सोऱ्या चाललेला. मी दारात उभी राहिले. कोणी उठलं नाही. मशेरीवाली माझ्याकडे बघत मशेरी लावत राहिली. सवयीने मी खुर्ची शोधली. तिच्यावर मिठाचा डबा आणि तेलाची वाटी ठेवली होती.

"बाई, तुमी भायेर," शेजारीण मान वर न करता म्हणाली. "काठी घ्या. कावळं लई झाल्यात."

चौतीस वर्षं हातात छडी असलेल्या बाईला यापेक्षा योग्य काम कोणी दिलं नसतं. मी अंगणाबाहेर उन्हात आणून ठेवलेल्या भरल्या बाजांपाशी उभी राहिले. आत कोणीतरी माझ्या आवाजात "गाळ फेकून द्यावा" म्हटलं आणि हशा पिकला. मीही हसले, आणि हसताना एक कावळा ओली कुरडई घेऊन उडाला.

ऊन चढलं. शेजारीण गरम चिकाची वाटी घेऊन बाहेर आली, वर दूध-साखर घातलेली. वाटी माझ्या हातात देऊन ती शेजारी उभी राहिली.

"त्या दिवशी तुमी मला आत बलवायच्या इसरल्या, बाई," ती म्हणाली. रागाने नाही, नुसतंच. "शाळा सुटली तरी मी हुबीच हुते."

मला आठवेना. ना तिला उभं केल्याचं, ना आत बोलवायला विसरल्याचं. त्या दिवशी तिचं वय काय असेल, नऊ असेल, ऊन असंच असेल. इतक्या वर्षांत माझ्या दारावरून जाताना रोज "नमस्कार बाई" म्हणणाऱ्या या मुलीच्या मनात ते होतं आणि माझ्या मनात काहीच नव्हतं.

"मला आठवत नाही गं," मी म्हणाले. "पण चुकलं माझं."

"ऱ्हाऊ द्या आता." तिने माझ्या हातातली काठी काढून घेतली. "आत जावा तुमी. सोऱ्या दाबायला मानूस कमी पडतंय. मी बगते कावळं."

मी वाटी तशीच हातात धरून आत गेले. दोघी जरा सरकल्या, आणि त्यांनी केलेल्या जागेत मी मांडी घालून बसले.