आत्याने मांडलेला डाव

मोबाइलवर बुद्धिबळाची कोडी सोडवत होते, तेवढ्यात शेजारच्या अंगणातून वाळत्या मोहफुलांचा गोड, उग्र वास आला आणि मी मनाने थेट देवरीला, आत्याच्या ओसरीवर पोचले.

तेव्हा मी सातवीत होते. आत्या मोहफुलं निवडता निवडता मला पटावर कोडी मांडून द्यायची. मी चटकन चाल सांगायची आणि हमखास चुकायची.

"कायले एवढी घाई करून राहिली? समोरचा काय खेळन ते पाह," ती म्हणायची.

म्हणून गोंदियाच्या स्पर्धेत मी प्रत्येक चाल दहादा तपासत बसले. डाव जिंकत आले होते, पण घड्याळातला वेळ संपला आणि मी हरले.

घरी येऊन मी तिच्यावरच चिडले. "तुझ्यामुळे हरले."

आत्याने चिकट हात पदराला पुसले आणि तोच डाव पुन्हा मांडायला लावला. "पहिले शह पाह, मंग मारामारी पाह. त्यात काही घावलं तर तेवढंच नीट मोज. बाकीचं सोड."

लगेच मला घोड्याचा शह दिसला. हात पुढे गेला, थांबला. आत्या काय खेळेल ते मी मनात पाहिलं आणि मग घोडा उचलला.

"हे तुले आधीच सांगाले पाहिजे होतं," ती म्हणाली. "माही चूक झाली."

तेव्हा मी नुसती त्या चालीवर खूश होते. एवढ्या मोठ्या बाईने सातवीतल्या पोरीपुढे किती सहज चूक कबूल केली, हे मला आज दिसतं.