तीनशे बारा बग आणि पाठीवरचा पंप

चहा होईपर्यंत माझी एक फजिती ऐकून घ्या. नाहीतरी बायको सगळीकडे सांगतेच, आणि ती सांगते त्यात मी फारच बावळट वाटतो. तसा मी नव्हतो. म्हणजे, इतका नव्हतो.

दोन हजार साल तोंडावर आलं होतं. मी पिंपरीच्या एका कारखान्यात फिटर. कंपनीने स्वेच्छानिवृत्ती काढली. आमच्या खात्यात स्वेच्छा कुणाचीच नव्हती, निवृत्त मात्र सगळे झाले. वय वर्षं अडतीस, पदरात दोन शाळकरी पोरं. मी म्हटलं, आता नोकरी नाही, धंदा. बिबवेवाडीत गाळा घेतला आणि पेस्ट कंट्रोल सुरू केलं. झुरळं, ढेकूण, वाळवी.

सुरुवात करताना गाळ्यात बुद्धवंदना ठेवली. पंचशील म्हणताना पहिलंच शील आलं, प्राणिहत्येपासून अलिप्त राहण्याचं, आणि वडिलांनी मिटलेले डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं. नंतर एवढंच म्हणाले, "धंदा अगदी विचार करून निवडलेला दिसतोय." आता ज्या माणसाने खडकीच्या कारखान्यात तीस वर्षं दारूगोळा भरला, त्याने मला झुरळांवरून बोलावं का? पण हे त्यांना सांगणार कोण.

दोन महिने गिऱ्हाईक नाही. तेव्हा भाचा मदतीला आला. तो कॉम्प्युटरच्या क्लासला जायचा, त्यामुळे घरात त्याचा शब्द शेवटचा. त्याचं म्हणणं, मामा, पेस्ट कंट्रोल असं कार्डावर लिहूच नका, ते हलकं वाटतं. हल्ली सगळीकडे सोल्युशन्स लिहितात. मला लगेच पटलं. आपण फवारतो ते काय, सोल्युशनच की! कार्डं छापली, इंग्रजीत, सोनेरी अक्षरांत: गायकवाड बग-फ्री सोल्युशन्स. खाली फोन नंबर. बाकी एक अक्षर नाही. ही कार्डं मी पुण्यातल्या निम्म्या ऑफिसांत वाटून आलो.

आठवड्याभरात फोन वाजला. देवधर म्हणून एका सॉफ्टवेअर कंपनीचे मॅनेजर. म्हणाले, आमच्याकडे बग फार झालेत, आपण बघाल का? मी वही घेतली. कुठे आहेत विचारलं, तर म्हणाले, सगळीकडे, पण पेरोलमध्ये जास्त. बरोबर आहे, पगारपत्रकं करणारी मंडळी बसतात तिथे जुने कागद असणारच. अंदाजे किती असतील, विचारलं.

"तीनशे बारा," देवधर म्हणाले.

माझं पेन थांबलं. मोजलेत? तर म्हणे हो, प्रत्येकाला नंबर दिलाय, आणि कुणी कुठला मारायचा तेही पुढे लिहिलंय. एक मारला की दोन नवे निघतात, ही त्यांची मुख्य तक्रार. मी म्हटलं, सर, या जातीचं तसंच असतं. मग हळू आवाजात म्हणाले, अमेरिकेतल्या क्लायंटकडेही आमचेच बग गेलेत, तो फार चिडलाय. मी धीर दिला, खोक्यांतून जातात सर, होतं असं.

फोन ठेवला आणि बायकोला सांगितलं, या आयटीवाल्यांची शिस्त बघ, झुरळांना नंबर देतात. ती भाजी चिरत होती. मान वर न करता म्हणाली, "नावंही ठेवली असतील. बारशाला बोलावलंय का तुम्हाला?"

दुसऱ्या दिवशी भाच्याच्या सल्ल्याने टाय लावला. पंप आणि औषधाचा डबा मोठ्या बॅगेत भरला आणि गेलो. तिथे मला थेट एसी खोलीत नेलं. लांबलचक टेबल, सहा तरुण इंजिनियर वह्या उघडून बसलेले, मध्ये देवधर. पाणी आलं, बिस्किटं आली. इतका मान मला लग्नातही मिळाला नव्हता.

मी विचारलं, सध्या बग कोण मारतं? सहाही जणांनी हात वर केले. हाताने? तर एक मुलगी ओशाळून म्हणाली, हो, आम्ही अजून सगळं मॅन्युअलीच करतो. मला खरंच वाईट वाटलं. एवढी शिकलेली पोरं, आणि दिवसभर चप्पल घेऊन कोपऱ्याकोपऱ्यांत.

मी म्हटलं, "काळजी करू नका. आमच्याकडे मशीन आहे."

देवधर पुढे सरकले. "ऑटोमेटेड?"

"एका माणसाने पाठीवर घेतलं की झालं."

सहाही जणांनी वह्यांतून माना वर केल्या. मला वाटलं, छाप पडली. मी बॅगेची चेन उघडून पंप टेबलावर ठेवला, बिस्किटांच्या शेजारी, आणि समजावून सांगितलं: स्टाफला चार तास बाहेर काढायचं, कॉम्प्युटरवर प्लास्टिक टाकायचं, पेरोलपासून सुरुवात करायची.

देवधरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "गायकवाड, आपण नेमकं काय मारता?"

मी सांगितलं.

"आमच्याकडचे आपल्याला दिसणार नाहीत."

"सर, दिवसा ते कुणालाच दिसत नाहीत."

यावर ती मुलगी टेबलाखाली गेली. पेन पडलं म्हणे. बाकीच्यांची पेनंही मग एकेक करून पडली.

शेवटी देवधरांनीच मला कॉम्प्युटरसमोर बसवलं आणि ती तीनशे बाराची यादी दाखवली. बग म्हणजे प्रोग्रॅममधल्या चुका. माझे कान इतके तापले की टाय सैल करावा लागला. बॅग उचलून निघालो, तर माणूस भला, त्यांनी थांबवलं. आलाच आहात तर आमची पॅन्ट्री करून जा, म्हणाले, तिथे आपल्या लाइनमधले आहेत. असं माझं पहिलं काम झालं. तीन महिन्यांची गॅरंटी दिली.

पंधरा दिवसांनी त्यांचा फोन. "गायकवाड, बग परत आलेत."

एव्हाना भाच्याकडून मी सगळं समजून घेतलं होतं. परत हसं करून घेणारा मी नव्हे. मी म्हटलं, सर, एकदा फसलो, दुसऱ्यांदा नाही. मग कोड म्हणजे काय, टेस्टिंग का करावं, घाईत केलेल्या प्रोग्रॅममध्ये चुका कशा राहतात, हे सगळं त्यांना दहा मिनिटं समजावून सांगितलं. पोरांना रागावू नका, असंही वर सांगितलं.

त्यांनी मध्ये एकदाही तोडलं नाही. माझं संपल्यावर म्हणाले, "आपलं म्हणणं पटलं. फक्त मी पॅन्ट्रीत उभा आहे, आणि त्यातला एक माझ्या चहात आहे."