कुंपणाबाहेरचा चाफा

नवसीला मेलेल्यांचा त्रास कधीच झाला नाही. मेलेला माणूस खड्ड्यात उतरला की गप पडतो, कुणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही. त्रास सगळा जिवंतांचा. बोईसरहून नवापूरकडे जाताना कारखान्यांची धुराडी मागे पडली, खारा वारा नाकाला लागला की एक छोटी दफनभूमी आहे. तिथे गेली एकतीस वर्षं नवसी खड्डे खणते, गवत काढते, पाला झाडते. आधी तिचा नवरा देवू खणायचा. तो गेल्यावर कुदळ तिच्या हातात आली, आणि बाईमाणूस खड्डा कसा खणणार म्हणून ज्यांनी नाकं मुरडली होती, त्यांतल्या निम्म्यांना तिनेच मातीआड केलं.

ती वारली आदिवासी. तिच्या सासऱ्याने मिशनच्या शाळेपायी बाप्तिस्मा घेतला, म्हणून घर ख्रिस्ती. देवळात, म्हणजे चर्चमध्ये, येणारे बाकीचे बहुतेक वसईकडून नोकरीसाठी इकडे आलेले, शिकलेले, कारखान्यांत साहेबकी करणारे लोक. नवसी त्यांना ओळखते ती पायांवरून, कारण ती खड्ड्यात असते आणि ते काठावर उभे असतात. कुणाचे बूट चिखलाला घाबरतात, कोण घड्याळ बघत चुळबुळतो, कोण मोठ्याने रडतो आणि रडता रडता पेटीच्या कड्या पितळी आहेत की नाहीत ते बघतो, हे सगळं तिला खालून दिसतं. दोन नोव्हेंबरला, मृतांच्या दिवशी, तर जत्राच. वर्षभर ज्या बापाच्या थडग्यावर हातभर गवत वाढलं, त्याच्यावर त्या दिवशी झेंडूचा ढीग आणि चाळीस मेणबत्त्या. मेल्या म्हशीला मणभर दूध. जिवंत होता तेव्हा म्हाताऱ्याला पेजही वेळेवर मिळत नव्हती, हे नवसीला ठाऊक असतं, कारण म्हातारे तिच्यापाशी येऊन बसायचे.

या सगळ्यांत तिने मनापासून तुच्छ मानलेला माणूस एकच. इनास मास्तर.

मास्तर म्हणजे धर्मशिक्षक. पूर्वी फादर महिन्यातून एकदा यायचा, तेव्हा बाकीचे एकोणतीस दिवस या भागात देव म्हणजे मास्तरच. पोरांना क्रूसाची खूण शिकवायची ती मास्तरने, मरणाऱ्याच्या उशाशी प्रार्थना म्हणायची ती मास्तरने. मेल्यानंतर काय होतं हे तर ते असं सांगायचे, जणू दर रविवारी तिकडे चक्कर मारून येतात. चांगल्याला स्वर्ग, वाइटाला नरक, आणि अर्ध्याकच्च्यांना शुद्धिस्थान, म्हणजे पाप जळून स्वच्छ होईपर्यंत आगीत थांबायची जागा. वर्गात मेणबत्ती पेटवून पोरांना म्हणायचे, ज्योतीवर बोट धर. पोर हात मागे घ्यायचं. मग मास्तर समाधानाने हसायचे.

अडतीस वर्षांपूर्वी नवसीला मुलगी झाली. अकरा दिवसांची झाली आणि तिला ताप चढला. फादर यायला पाच दिवस होते. तिन्हीसांजेला देवू मास्तरांकडे धावत गेला, पोरीला बाप्तिस्म्याचं पाणी घाला म्हणाला. मास्तर म्हणाले, फादर रविवारी येतील. पोर पहाटे गेली.

मग मास्तर आले, पांढरा सदरा घालून. म्हणाले, बाप्तिस्मा झालेला नाही, तेव्हा पवित्र मातीत पुरता येणार नाही. अशी पोरं स्वर्गात जात नाहीत आणि नरकातही जात नाहीत, मधेच कुठेतरी राहतात. नाव देवळाच्या वहीत लिहिता येणार नाही, कारण नाव बाप्तिस्म्याने मिळतं. क्रूस लावता येणार नाही. देवूने शेराच्या झुडपांच्या कुंपणाबाहेर पोरीला पुरलं आणि नवसीने खुणेसाठी तिथे चाफ्याची फांदी खोचली. नाव तिने मनात ठेवलं होतं, ते मनातच राहिलं. देवूलासुद्धा तिने ते सांगितलं नाही. चाफ्याचं झाड झालं. कुदळ हातात आल्यापासून रोज सकाळी कामाला लागण्याआधी नवसी तिथे तांब्याभर पाणी ओतायची. झाडाला घालते, असं सांगायची.

एवढ्यावर ती मास्तरला माफही करती. नियम म्हणजे नियम, बिचारा काय करणार, असं तिने स्वतःला तीस वर्षं सांगितलं. पण मग देवळात कायमचा राहणारा एक तरुण फादर आला. एका रविवारी तो नव्या आईबापांना समजावत होता आणि नवसी मागे केर काढत होती. फादर म्हणाला, मूल अत्यवस्थ असेल तर माझी वाट बघू नका. कुणीही पाणी घालू शकतं. आई, बाप, शेजारी, अगदी ख्रिस्ती नसलेली नर्ससुद्धा. डोक्यावर पाणी ओतायचं आणि एवढं एक वाक्य म्हणायचं. झाला बाप्तिस्मा.

नवसीने केरसुणी टेकवून ठेवली आणि विचारलं, "हे आता निघालं का, फादर?"

"नाही मावशी. शेकडो वर्षं असंच आहे. प्रत्येक धर्मशिक्षकाला हे पहिल्या दिवशी शिकवतात."

त्या दिवशी नवसीला रडू आलं नाही. तिने राहिलेला केर काढला. पोर गेली त्या रात्री तिच्या घरात हंडाभर पाणी होतं. ती स्वतः ओंजळ भरून घालू शकली असती. सगळ्या स्वर्गाचं दार एका ओंजळीवर उघडत होतं आणि त्या ढोंग्याने ते कुणाला कळू दिलं नव्हतं. त्यानंतर मास्तर रस्त्यात दिसले की ती थुंकायची. मास्तर मान खाली घालून जायचे, आणि लोक म्हणायचे, नवसीचं तोंड फार वाईट.

यंदा पावसाळ्याआधी देवळाच्या समितीने ठरवलं, शेर काढून टाकायचा आणि पक्की भिंत घालायची. भिंतीबाहेर देवळाचीच जी पट्टी उरते, तिच्यावर फरशा बसवून गाड्या लावायला जागा करायची. दोन नोव्हेंबरला लोकांच्या गाड्यांची फार गैरसोय होते. गवंड्याने दोरी ताणली. ती चाफ्याच्या चार हात अलीकडून गेली.

नवसी फादरकडे गेली. फादर भला माणूस. तो म्हणाला, "मावशी, अशी बाळं मधेच कुठे अडकत नाहीत. देवाच्या दयेवर आपला भरवसा आहे. तुमची मुलगी देवापाशी आहे."

"मग दोरी चार हात सरकवा."

फादर घुटमळला. ते समितीकडे असतं, म्हणाला. समितीचे प्रमुख ग्रेगरी साहेब, रंगाच्या कारखान्यात मोठ्या हुद्द्यावर. त्यांनी नकाशा दाखवला. भिंत सरळ जायला हवी, मधेच वाकडी केली तर कशी दिसेल, आणि चार-पाच गाड्यांची जागा जाते. "आणि नवसी, आत्मा महत्त्वाचा. तिथे आता काय आहे? नुसती माती."

"तुमच्या बापाच्या खाली काय हाय?" नवसी म्हणाली. "त्या मातीवर काळा गुळगुळीत दगड कशाला बसवलाय?"

ग्रेगरी साहेबांनी नकाशा गुंडाळला. नवसी बाहेर आली आणि पायरीवर बसून स्वतःशीच म्हणाली, देवाच्या दयेला हद्द नाय, पण गाड्यांना जागा पायजे. पंधरा दिवसांत शेर उपटला गेला. पायाचा चर पाऊस थांबल्यावर खणायचं ठरलं. नवसीची झोप गेली. पोरीच्या छातीवर कुणाचं तरी चाक उभं राहील, हे तिला डोळे मिटले की दिसायचं.

आणि अशात मास्तरांचं बोलावणं आलं.

मास्तर बोईसरला मुलाच्या घरी तिसऱ्या मजल्यावर अंथरुणाला खिळले होते. सून दार उघडून आत निघून गेली. मास्तरांची हाडं उरली होती. डोक्यावर पंखा गरगरत होता तरी घाम फुटलेला, हातात जपमाळ. नवसीने बघितलं आणि ओळखलं. हा माणूस घाबरलाय. चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या पोरांना मेणबत्तीवर बोट धरायला लावलं, आता स्वतःची पाळी आली तर गाळण उडाली. तिला त्याची दया यायला हवी होती. आली नाही.

"नवसी," मास्तर म्हणाले, "फादरपाशी मी सगळं कबूल केलं. ते म्हणाले, जिचं नुकसान केलंस तिची माफी माग."

"मागा."

"देवू आला त्या संध्याकाळी मी जेवत होतो. बोंबलाचं कालवण होतं. मला येता आलं असतं. नाहीतर त्याला सांगता आलं असतं, की घरी जा आणि तूच पाणी घाल."

"मग का नाय सांगितलं?"

मास्तरांनी डोळे मिटले. "कुणीही पाणी घालू शकतं हे कळल्यावर मास्तरला कोण विचारणार होतं."

बैल गेला आणि झोपा केला. एवढंसं कारण. एका माणसाचा मान, आणि ताटातले बोंबील. याला शिव्या द्याव्यात एवढीही त्याची लायकी नाही, असं तिला वाटलं. मग ती म्हणाली, "माफी देते. पण फुकट नाय. मेल्यावर माझ्या चाफ्यापाशी निजायचं."

मास्तरांची जागा दफनभूमीतल्या मोठ्या क्रूसाशेजारी दहा वर्षं राखून ठेवलेली होती. सगळ्या गावाला ती ठाऊक होती. "कुंपणाबाहेर?" ते म्हणाले. "मी?"

"अकरा दिवसांची पोर चालली, मास्तर नाय चालत?"

"पण तिकडे जमीन पवित्र नाही. शेवटच्या दिवशी तुतारी वाजेल, कबरी उघडतील..."

"तुमीच शिकवलंय. तुतारी वाजली की तुमी उठाल. तुमाला वाट ठाऊक, प्रार्थना ठाऊक. तिला कोण उठवणार? ती अजून मान धरत नव्हती, मास्तर. तुमी तिला उचला. डोकं नीट धरा. आणि आत घेऊन जा. मग तुमची माझी फिटंफाट."

नवसीचा त्या तुतारीवर किती विश्वास होता ते तिलाच माहीत नव्हतं. एवढी हाडं हाताळल्यावर माणूस जरा सावध होतो. पण मास्तरांचा विश्वास होता, आणि तिला तेवढा पुरे होता. शिवाय समितीच्या लोकांना ती चांगली ओळखून होती, पण ते तिने मास्तरांना सांगितलं नाही.

मास्तर रडले. मग त्यांनी फादरला बोलावून घेतलं आणि कागदावर लिहिलं, की मला नवसीच्या चाफ्यापाशी पुरावं, ही माझी शेवटची इच्छा. फादरने साक्ष घातली. सही करताना तो नवसीकडे बघत होता. त्याला सगळं समजलं होतं, तरी त्याने सही पुरी केली. त्या दिवसापासून तिने त्या पोराला माणसांत धरलं.

सप्टेंबरच्या शेवटी मास्तर गेले. ग्रेगरी साहेबांनी कागद वाचला आणि म्हणाले, "शेवटी शेवटी त्यांना भ्रम झाला होता."

"मी समोर होतो," फादर म्हणाला. "शुद्धीत होते."

नवसीने सकाळीच खड्डा खणून ठेवला होता, चाफ्यापासून दोन हातांवर, मुळं न तोडता. सगळा समाज त्या उघड्या पट्टीवर गोळा झाला. ज्या मास्तरने इथल्या प्रत्येकाला क्रूसाची खूण शिकवली तो बाहेर, आणि त्याच्यावर उद्या गाड्या उभ्या राहणार. लोक कुजबुजले. बायकांनी पदर तोंडाला लावला. मास्तरांच्या मुलाने ग्रेगरी साहेबांकडे असं बघितलं की त्यांनी नजर वळवली. तिसऱ्या दिवशी समिती बसली आणि चौथ्या दिवशी गवंडी दोरी घेऊन आला. जी दोरी देवाच्या दयेसाठी हलत नव्हती, ती मास्तरच्या अब्रूसाठी दहा हात सरकली. भिंत सरळ येते, चाफ्याजवळ बाहेर फुगते आणि पुन्हा सरळ जाते. पोटुशी बाई चालावी तशी. ग्रेगरी साहेब आता लोकांना सांगतात, मास्तरांच्या सन्मानार्थ आम्ही खास वळण घेतलं. नवसी ऐकते आणि पाला झाडते.

यंदा दोन नोव्हेंबरला ती उजाडताच आली. गाड्या यायला अजून वेळ होता. मास्तरांच्या मातीवर कालच कुणी मोठा हार टाकून गेलं होतं, तो तिने पायाने बाजूला सारला. चाफ्याखाली गुडघे टेकले. तांब्यात घरच्या हंड्यातलं पाणी होतं. मेलेल्याला बाप्तिस्मा देत नाहीत, हे तिला फादरने सांगितलं होतं. त्याचा काही उपयोग नसतो, असंही सांगितलं होतं. नसेल.

ते एक वाक्य तिने पाठ केलं होतं. तिने पाणी तीनदा ओतलं.

"शालू," ती म्हणाली, आणि अडतीस वर्षांत तोंडातून न काढलेला तो शब्द नीट उमटला नाही, म्हणून तिला पुन्हा म्हणावं लागलं. "शालू, पिता आणि पुत्र आणि पवित्र आत्म्याच्या नावानं मी तुला बाप्तिस्मा देते."

पाणी मुरेपर्यंत ती थांबली. मग तांब्या पालथा घातला, गुडघ्यावर हात टेकून उठली आणि शेजारच्या ताज्या मातीकडे वळली.

"नाव ध्यानात ठेवा, मास्तर," ती म्हणाली. "हाक मारायला लागल."