घंगाळापायी सीलबंद

कालिंदीबाईंना हवी ती खबर मिळाली नाही, असं कॉलनीत कधी घडलेलं नाही. कोणाच्या मुलीचं कुठं जमलंय, कोणाचा टँकर कोणी मधल्या मधे वळवला, सगळं त्यांच्या ओट्यावर जमा. हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाल्या, पण चौकशी खातं तेवढं घरी घेऊन आल्या. म्हणून फॉल-पिकोवाली रूपा आपलं काम घेऊन आली, तेव्हा बाईंचे डोळे लकाकले.

बहात्तरच्या दुष्काळात रूपा हर्सूलच्या बालसदनात आली, तेव्हा तिला धड बोलताही येत नव्हतं. सदन कधीच बंद पडलं. कोणी म्हणे ती बसस्टँडवर सापडली, कोणी म्हणे उकिरड्यावर.

"मला टाकलं का ठेवलं, येवढंच बघायचंय, ताई. गाव कळलं तर लई झालं."

सदन चालवणाऱ्या संस्थेच्या क्रांती चौकातल्या कचेरीत उत्तर तयार होतं: जुनं दप्तर वाळवीनं खाल्लं. बाईंनी मान डोलावली आणि चहा देणाऱ्या शिपायाला हळूच विचारलं, "शेवटचे अधीक्षक कोणाशी भांडून गेले हो?" कागद विचारले की माणसं गप्प होतात, भांडण विचारलं की खुर्ची पुढं ओढतात.

तर अधीक्षक तात्यासाहेब निवृत्त झाले, तेव्हा नव्या माणसानं चार्ज घेताना सामान मोजलं. मुलांना आंघोळ घालायचं पितळी घंगाळ गायब! घंगाळ दाखवा, मग सही, असं नवा म्हणाला. सही झालीच नाही. दप्तराचं कपाट सीलबंद झालं, ते कायमचं. कारण सील फोडील त्याच्या गळ्यात घंगाळ. कपाट हर्सूलच्या गोदामात पडलं होतं आणि आता तिथं फ्लॅट होणार होते. सोमवारी गोदाम पाडायचं, कपाट भंगारात.

"न्या म्हणावं," कचेरीतून निरोप आला, "फक्त सही आमची नको."

शनिवारी दोघी गोदामात पोचल्या. स्टोअरकीपर पुंडलिक कपाटाला पाठ लावून उभा.

"मोजदाद पुरी झाल्याबिगर सील नाय फोडता येत, बाई."

"आणि भंगारवाला फोडेल, त्याचं काय?"

"त्याला कुठं रिटायर व्हायचंय?"

बाईंना हा माणूस मनापासून पटला. नोकरीभर त्यांनीही अशाच सह्या अडवल्या होत्या. रिक्षा करून त्या घरी आल्या. यजमान श्रीनिवासराव टँकरचं पाणी घंगाळात साठवत होते.

"रिकामं करा ते."

"अगं, आठवड्यानं पाणी आलंय! आणि हे माझ्या आईचं घंगाळ..."

"त्यात त्यांनी एकच मूल न्हाऊ घातलं. निकाल बघतेय मी. आता सत्कारणी लागू द्या."

गोदामात पुंडलिकनं घंगाळ उलटं करून वाजवून पाहिलं. "यादीतलं हेच कशावरून?"

"यादीत लिहिलंय, पितळी घंगाळ, नग एक. कोणाच्या सासूचं, ते लिहिलेलं नाही."

बाईंनी चार्ज घेतल्याची ठसठशीत सही ठोकली. सील फुटलं. लोखंडी कपाटात वाळवी शिरलीच नव्हती. लाल फडक्यात बांधलेले कागदांचे बस्ते जसेच्या तसे. दुष्काळाच्या सालचा बस्ता सोडून बाई मोठ्यानं वाचत गेल्या आणि एका पानाशी थांबल्या. रूपा. आई आवडाबाई, राहणार पिशोर. खडी फोडण्याच्या कामावर जात आहे, काम संपताच मुलीस नेईल. खाली अंगठा. त्याखाली दुसऱ्या शाईत: आई दोनदा भेटून गेली, पुढे तपास नाही.

रूपा पुंडलिककडं वळली, जणू इतकी वर्षं त्यानंच वाद घातला होता. "ठेवलं व्हतं मला. ऐकलं का? ठेवलं व्हतं."

"व्हय, बाई," पुंडलिक म्हणाला. "लिहिलंच हाय की."

"उद्या पिशोरला जाऊ," कालिंदीबाई म्हणाल्या. "आज हे सगळे बस्ते माझ्याकडं. झटकून, कडुलिंबाचा पाला घालून ठेवू. मग पुराभिलेख खात्यात नेऊन देऊ."

"सगळे? माझं तर घावलं, ताई."

"मी पुऱ्या कपाटाचा चार्ज घेतलाय, रूपा. तुझ्या एकट्या पानाचा नाही."

रूपानं पदर खोचला. पुढचं पान कोण्या मुलाचं होतं. त्यालाही कोणी भेटायला आलं होतं का, ते तिनं बाईंकडून वाचून घेतलं आणि मगच बस्ता बांधून डोक्यावर घेतला.